माहीत असलेल्या दोषांची यादी

२००८ सालची गोष्ट आहे. दिल्लीतील एका केंद्रीय कार्यालयात मी तेव्हा उपसंचालक होतो. एका निवृत्तिवेतन योजनेच्या लाभार्थींच्या याद्या निरनिराळ्या राज्यांतील जिल्हा कार्यालयांकडून आमच्याकडे दरमहा येत असत आणि त्या याद्यांतील संख्येवरून पुढचा हप्ता निघत असे. जिल्ह्यांत अजून बऱ्याच ठिकाणी युनिक्सवर चालणारी जुनी यंत्रे होती. दिल्लीत मात्र प्रत्येक टेबलावर नव्या धर्तीचे पर्सनल कॉम्प्युटर येऊन बसले होते. याद्या मोठ्या आणि इंटरनेटचा वेग तुटपुंजा. म्हणून प्रत्येक जिल्ह्याने आपल्या सर्व फाईली झिप करून, म्हणजे दाबून लहान करून एका गाठोड्यात बांधून, सीडीवर घालाव्यात आणि टपालाने पाठवाव्यात असे ठरले.

त्यासाठी झिप करण्याचा प्रोग्राम त्या जुन्या यंत्रांवर चालता करणे आवश्यक होते. एका प्रणालीसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रणालीवर नेऊन चालविण्याला संगणकवाले पोर्टिंग म्हणतात. आमच्या भाषेत सांगायचे तर ही प्रोग्रामची बदली. माणूस तोच, पण गाव नवे, भाषा नवी, दप्तर ठेवण्याची रीत नवी. हे काम आमच्या तांत्रिक कक्षातील एका तरुण कंत्राटी प्रोग्रामरकडे सोपविले होते. महिनाभर खपून त्याने ते पुरे केले आणि माझ्यापुढे परिपत्रकाचा मसुदा ठेवला. मसुद्याच्या अखेरीस दीड पानाचे एक परिशिष्ट होते. त्याचे शीर्षक होते 'ज्ञात दोष व मर्यादा', आणि त्याखाली नऊ मुद्दे होते.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. नऊपैकी निम्मे मुद्दे मला कळले नाहीत, पण शीर्षक मात्र पुरते कळले. मसुदा वरिष्ठांकडे जायचा होता. दोष माहीत आहेत तर काम पूर्ण झाले असे कसे म्हणता, असा शेरा येणार हे मला दिसत होते. शिवाय उद्या लेखापरीक्षणाच्या वेळी हीच यादी आक्षेपांच्या रूपाने आमच्यापुढे ठेवली जाईल, ही धास्ती होतीच. मी परिशिष्ट काढून टाकले आणि त्या जागी एक वाक्य लिहिले: 'सदर प्रणालीचे स्थलांतर यशस्वीरीत्या पूर्ण झाले आहे.' तो तरुण थोडा घुटमळला आणि म्हणाला, "सर, ही यादीसुद्धा कामाचाच भाग आहे." मी हसून फाईल पुढे पाठविली.

त्या यादीतल्या चौथ्या मुद्द्याने पुढे काय केले ते मी सांगणारच आहे. पण तत्पूर्वी असे दोष मुळात येतात कोठून, हे पाहणे उपयोगी ठरेल, कारण माझ्या मते त्यात प्रशासनासाठी मोठा धडा आहे.

माहिती दाबून लहान करण्याचे गणित जुने आणि भक्कम आहे. वारंवार येणाऱ्या अक्षराला छोटी खूण आणि क्वचित येणाऱ्या अक्षराला लांब खूण द्यावी, ही डेव्हिड हफमन यांची पद्धत १९५२ सालची. एकदा येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला तर तो पुन्हा न लिहिता 'मागे अमुक अंतरावर पाहा' एवढेच लिहावे, ही अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव यांची कल्पना १९७७ सालची. या दोहोंच्या मिलाफातून 'डिफ्लेट' ही पद्धत तयार झाली आणि आजही बहुतेक झिप फाईली तिच्यावरच चालतात. झिपचा साचा १९८९ साली अमेरिकेतील फिल काट्झ यांनी डॉस प्रणालीसाठी आणला आणि त्याचा तपशील सर्वांना खुला केला. त्यामुळे १९९०च्या सुमारास 'इन्फो-झिप' नावाने एकत्र आलेल्या निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवकांना तो प्रोग्राम युनिक्स, व्हीएमएस, ओएस/२, अमिगा, अटारी, मॅकिंटॉश, एवढेच काय आयबीएमच्या अवाढव्य मेनफ्रेम यंत्रांवरही नेता आला.

आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की या सगळ्या प्रवासात गणित जवळजवळ कोठेच अडले नाही. गणित दिल्लीत तेच आणि दिब्रुगडमध्येही तेच. अडले ते गणिताभोवतीचे व्यवहार: फाईलीचे नाव, तिची तारीख, तिच्यातील ओळीचा शेवट, तिला हात लावण्याचा अधिकार. या प्रत्येक बाबतीत मूळ प्रणालीने काही गोष्टी गृहीत धरल्या होत्या, आणि गृहीत धरलेल्या असल्यामुळेच त्या मूळ घरी कोणाला दिसत नव्हत्या. थोडी उदाहरणे देतो.

(१) नाव. युनिक्समध्ये कॅपिटल आणि स्मॉल अक्षरे वेगळी मानली जातात. तेच नाव एकदा कॅपिटलमध्ये आणि एकदा स्मॉलमध्ये लिहिले तर त्या दोन स्वतंत्र फाईली होतात आणि एकाच फोल्डरात सुखाने नांदतात. डॉस आणि विंडोजच्या नेहमीच्या व्यवहारात मात्र ते नाव एकच. डॉसमध्ये तर नावाला आठ अक्षरे आणि पुढे तीन अक्षरांचे शेपूट एवढीच जागा असे. युनिक्सवर चालणारे अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह वगैरे विंडोजला फाईलीच्या नावात वर्ज्य आहेत.

(२) लिपी. झिपचा मूळ साचा ठरला तेव्हा नावांसाठी आयबीएम पीसीचा २५६ चिन्हांचा जुना संच गृहीत धरलेला होता. त्यात इंग्रजी होती, काही युरोपीय अक्षरे होती, चौकटी काढण्याच्या रेघाही होत्या. देवनागरी, तमिळ, बंगाली यांपैकी काहीच नव्हते. नाव युनिकोडमध्ये आहे असे सांगणारी अधिकृत खूण झिपच्या साच्यात २००६ साली आली. तोवर आणि त्यानंतरही बराच काळ, जी साधने ती खूण ओळखत नसत त्यांच्यामधून प्रवास केलेल्या फाईलीचे हिंदी किंवा मराठी नाव पलीकडे प्रश्नचिन्हांच्या किंवा चौकोनांच्या रांगेत उतरत असे. आतला मजकूर शाबूत, पण दारावरची पाटी पुसलेली.

(३) वेळ. झिपमधील मूळ वेळ ही डॉसच्या पद्धतीने नोंदलेली स्थानिक वेळ असते. ती कोणत्या देशातील हे तिच्यात लिहिलेले नसते. ती १९८०पूर्वीची असू शकत नाही, २१०७नंतरचीही असू शकत नाही, आणि जागा वाचविण्यासाठी सेकंद दोन-दोनच्या टप्प्याने मोजलेले असल्यामुळे ते नेहमी समसंख्येतच येतात. याउलट युनिक्स १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद जागतिक वेळेने मोजते. म्हणून एक यंत्र भारतीय वेळेवर आणि दुसरे ग्रिनिचच्या वेळेवर लावलेले असले तर तीच फाईल साडेपाच तासांनी आधीची किंवा नंतरची होऊन बसते. पुढे इन्फो-झिपने युनिक्स पद्धतीची वेळ साठविण्यासाठी जादा रकाना दिला. त्यात बत्तीस बिटांची संख्या असल्यामुळे त्यालाही १९ जानेवारी २०३८ ची कड आहे.

(४) आकार. मूळ साच्यात एका गाठोड्यात ६५,५३५ फाईली आणि प्रत्येक फाईलीला सुमारे चार गिगाबाइट अशी मर्यादा होती. १९८९ साली ही मर्यादा म्हणजे अथांग समुद्र वाटला असेल. २००१ साली 'झिप-६४' या नावाने ती ओलांडण्याची सोय झाली. पण ती सोय इन्फो-झिपच्या अनझिपमध्ये यायला २००९ साल उजाडले. मधल्या काळात नव्या साधनाने बांधलेले मोठे गाठोडे जुन्या साधनाला सोडविता येत नसे.

(५) ओळीचा शेवट. ओळ संपली हे डॉस व विंडोज दोन चिन्हांनी सांगतात, युनिक्स एका चिन्हाने, आणि जुने मॅकिंटॉश त्याहून वेगळ्या एका चिन्हाने. अनझिप सांगितल्यास हा बदल आपोआप करते. पण जी फाईल मजकुराची नाही, उदाहरणार्थ छायाचित्र, तिलाच मजकूर समजून हा बदल केला गेला तर ती कायमची बिघडते.

वाचकांच्या लक्षात येईल की यांतील एकही गोष्ट आळसामुळे किंवा अडाणीपणामुळे घडलेली नाही. दोन शहाण्या माणसांनी दोन ठिकाणी दोन वाजवी निर्णय घेतले, आणि ते निर्णय एकमेकांसमोर आले तेव्हा त्यांच्यामध्ये फट पडली. पोर्टिंग करणाऱ्याला ती फट प्रथम दिसते. ती बुजविणे प्रत्येक वेळी त्याच्या हातात नसते, पण ती आहे हे लिहून ठेवणे मात्र नेहमीच त्याच्या हातात असते.

या लिहून ठेवण्याच्या बाबतीत संगणक-जगात एक जुनी प्रथा आहे. युनिक्सचे पहिले मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ मधले. त्यात प्रत्येक प्रोग्रामच्या पानावर नाव, वापरण्याची रीत आणि वर्णन यांच्या बरोबरीने 'बग्ज' म्हणजे ज्ञात दोष असा एक ठरलेला विभाग होता, आणि त्याच्याजवळच 'मालक' असा दुसरा विभाग होता. दोष कोणते आणि जबाबदार कोण, ही दोन्ही उत्तरे एकाच पानावर! सरकारी कागदावर ही दोन उत्तरे शेजारी-शेजारी पाहण्याचा योग मला तीस वर्षांच्या नोकरीत क्वचितच आला आहे.

हा वारसा इन्फो-झिपने पुढे चालविला. अनझिपच्या मॅन्युअलमधील दोषांचा विभाग मी पुढे कधीतरी सवडीने वाचला आणि चकित झालो. युरोपीय स्वरचिन्हे असलेला पासवर्ड एका प्रणालीवर घातला तर तो दुसऱ्या प्रणालीवर चालेलच असे नाही, हे तेथे सांगितले आहे. सदोष फ्लॉपीवरून फाईल काढताना डॉसने विचारलेल्या प्रश्नाला अमुक उत्तर दिले तर जुन्या आवृत्त्यांत संगणक गोठू शकतो, हेही सांगितले आहे. सर्वांत मजा वाटली ती अल्ट्रिक्स नावाच्या प्रणालीविषयीच्या नोंदीची. तीवर लांबलचक झिप फाईली कधी कधी उघडताना चुकतात, दरवेळी चुकत नाहीत, बहुधा दोष यंत्राच्या स्मृतीत असावा किंवा त्या प्रणालीत असावा, अशा अर्थाची ती नोंद आहे. म्हणजे दोष आपला नसावा असे वाटत असूनही, आणि कारण निश्चित ठाऊक नसूनही, वापरणाऱ्याला फटका बसू शकतो एवढ्या कारणावरून ती लिहून ठेवली आहे.

याच वंशातील दुसरे साधन म्हणजे जी-झिप. १९९२ सालचे हे साधन युनिक्सच्या 'कॉम्प्रेस' या आधीच्या साधनाची जागा घेण्यासाठी निघाले. त्याचे मॅन्युअल सांगते की क्वचित प्रसंगी 'सर्वोत्तम' असे नाव असलेला पर्याय नेहमीच्या पर्यायापेक्षा वाईट काम करतो, आणि पुनरुक्तीने भरलेल्या काही फाईलींवर जुने कॉम्प्रेसच आमच्यापेक्षा सरस ठरते. ज्याची जागा घ्यायला आपण आलो तो काही बाबतींत आपल्याहून चांगला आहे, हे स्वतःच्या माहितीपत्रकात लिहिणे किती जणांना जमेल? चार गिगाबाइटहून मोठ्या फाईलीचा मूळ आकार जी-झिपची यादी चुकीचा दाखविते, हेही तेथे वर्षानुवर्षे नोंदलेले होते. २०२२ साली आलेल्या आवृत्तीत तो दोष दूर झाला. दोष दूर व्हायला इतकी वर्षे लागली खरी, पण त्या काळात मॅन्युअल वाचणाऱ्याला चुकीची संख्या खरी मानण्याचे कारण नव्हते.

आता माझ्या चौथ्या मुद्द्याकडे येतो. तो असा होता: जुन्या यंत्रावर कॅपिटल-स्मॉल अक्षरांच्या फरकाने दोन फाईलींना सारखे नाव दिलेले असल्यास, नव्या यंत्रावर गाठोडे सोडताना दुसरी फाईल पहिलीवर बसण्याचा संभव आहे, सबब अशी नावे देऊ नयेत.

एका जिल्हा कार्यालयात दोन लिपिक होते. एकाकडे शहरी भाग, दुसऱ्याकडे ग्रामीण. दोघांनी आपापल्या यादीला एकच नाव दिले होते, एकाने कॅपिटलमध्ये आणि दुसऱ्याने स्मॉलमध्ये. त्यांच्या यंत्रावर त्या दोन वेगळ्या फाईली असल्याने दोघांनाही कधी अडचण आली नाही. ती सीडी दिल्लीत आली. आमचा डेटा-एंट्री ऑपरेटर दिवसाला पंचवीस-तीस सीडी उघडत असे. प्रोग्रामने त्याला रीतसर विचारले: या नावाची फाईल आधीच आहे, तिच्यावर लिहू का? हो, नाही, सर्वांना हो, कोणालाच नाही, की नाव बदलून ठेवू? या प्रश्नाचा अर्थ त्याला कोणीही समजावला नव्हता. मागच्या महिन्याची प्रत राहिली असेल असे समजून त्याने 'सर्वांना हो' असे उत्तर दिले. शहरी यादी ग्रामीण यादीवर बसली. त्या जिल्ह्याचा ग्रामीण भाग आमच्या संगणकातून नाहीसा झाला आणि पुढचा हप्ता तेवढ्या कमी संख्येवर निघाला.

हे आम्हांला कळले ते संगणकामुळे कळले नाही. एका गावच्या निवृत्त शिक्षकांनी गावातील वृद्ध स्त्रियांच्या वतीने हिंदीत लिहिलेले पोस्टकार्ड तीन टेबले फिरून माझ्याकडे आले. दोन महिने पैसे आले नाहीत, पोस्टमास्तर म्हणतात वरूनच आले नाहीत, एवढाच मजकूर होता. कारण शोधून पैसे पोहोचेपर्यंत तिसरा महिनाही गेला. दोनशे-चारशे रुपयांची रक्कम दिल्लीत बसून क्षुल्लक वाटते. पण त्या तीन महिन्यांत त्या बायांनी कोणाकडे हात पसरला असेल, याचा विचार आजही माझ्या मनातून जात नाही.

चौकशी झाली. 'ऑपरेटरने निष्काळजीपणे चुकीचा पर्याय निवडला' असा निष्कर्ष आला. तांत्रिकदृष्ट्या त्यात खोटे काहीच नव्हते. मूळ मसुद्याला हा धोका सांगणारे परिशिष्ट जोडलेले होते आणि ते मी काढले, अशी टिपणी मी फाईलवर लिहिली. पण ती लिहायला मला दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत कंत्राटदाराने त्या ऑपरेटरला घरी पाठवून दुसरा माणूस आणला होता. माझ्या टिपणीवर वरिष्ठांनी 'पाहिले' असे लिहिले. मला कोणी काही बोलले नाही. त्या मुलाला परत घ्यावे असे मी कंत्राटदाराला दोनदा सांगितले, ते झाले नाही.

अर्थशास्त्रात जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० सालचा एक प्रसिद्ध निबंध आहे. जुन्या मोटारींच्या बाजारात विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. या विषमतेमुळे अखेरीस चांगल्या गाड्याच बाजारातून हटतात, असे त्यांनी दाखविले. २००१ साली त्यांना ज्या कामासाठी नोबेल पारितोषिक विभागून मिळाले त्यात हा निबंध प्रमुख होता. बाजारात या दुखण्यावर काही उपाय आपोआप निघतात. विकणारा हमी देतो, नाव राखण्यासाठी खरे सांगतो, आणि घेणाऱ्याला निदान दुसऱ्या दुकानात जाण्याची मुभा असते. शासनाच्या दारी आलेल्या माणसाला दुसरे दुकान नाही. त्या वृद्ध स्त्रिया आमच्या प्रणालीवर नाराज होऊन दुसऱ्या सरकारकडे जाऊ शकत नव्हत्या. म्हणून बाजारातील विक्रेत्यापेक्षा शासनावर दोष सांगण्याची जबाबदारी अधिक आहे असे मी मानतो. प्रत्यक्षात आपण ती सर्वांत कमी पाळतो. माहितीच्या अधिकाराच्या २००५च्या कायद्याने कलम ४ मध्ये प्रत्येक कार्यालयाने स्वतः होऊन जाहीर करावयाच्या माहितीची सतरा बाबींची यादी दिली. आमच्या कामकाजातील आम्हांला माहीत असलेल्या त्रुटी, अशी स्वतंत्र बाब त्या सतरांतही नाही.

यावर माझे सहकारी दोन आक्षेप घेतात आणि ते टाकाऊ नाहीत. पहिला असा की दोष लिहून दिले की खालचा कर्मचारी त्यांचीच ढाल करतो. काम का झाले नाही, तर परिशिष्टातील मुद्दा क्रमांक तीन! हे घडते, मी पाहिले आहे. पण असे कारण निदान तपासता तरी येते. मुद्दा तीन खरोखर लागू होता की नाही, हे विचारता येते. 'तांत्रिक अडचण' या मोघम शब्दाआड लपलेल्याला काय विचारणार? दुसरा आक्षेप असा की दोष जाहीर केले की लबाडांना वाट सापडते. काही दोषांच्या बाबतीत, विशेषतः सुरक्षेच्या, दुरुस्ती होईपर्यंत मौन योग्य असते. पण जो दोष दुरुस्त होण्यासारखाच नाही तो झाकण्यात अर्थ नाही. झिपचे जुने पासवर्ड-संरक्षण दुबळे आहे, खरी गुप्तता हवी असेल तर दुसरे समर्थ साधन वापरा, असे इन्फो-झिपच्या मॅन्युअलनेच सांगितले आहे. यातून लबाडांपेक्षा सावध माणसांचा फायदा अधिक झाला असणार.

योजनांचेही पोर्टिंग होत असते, हे येथे सांगायला हवे. एका राज्यात यशस्वी झालेली योजना दुसऱ्या राज्यात किंवा देशभर नेणे हा आपल्या प्रशासनाचा आवडता उद्योग आहे. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचे उदाहरण घ्या. १९७२च्या दुष्काळात वाढलेल्या आणि १९७७ साली कायद्याचे रूप मिळालेल्या त्या योजनेचा अनुभव २००५च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यामागे होता. पण महाराष्ट्रात हमी व्यक्तीला होती आणि दिवसांची मर्यादा नव्हती. राष्ट्रीय कायद्यात ती कुटुंबाला, वर्षाला शंभर दिवसांची झाली. महाराष्ट्रात पैसा व्यवसाय करासारख्या राज्याच्या स्वतःच्या करांतून उभा राहिला. राष्ट्रीय योजनेत तो मुख्यतः केंद्राकडून आला. मागाल तेव्हा काम, हे मधले गणित तेच राहिले, भोवतीची गृहीतके बदलली. असे बदल अपरिहार्य असतात आणि पुष्कळदा योग्यही असतात. माझे म्हणणे इतकेच की कोणती गृहीतके मागे राहिली आणि त्यामुळे कोणाला कोठे अडचण येऊ शकेल, याचे एक पान प्रत्येक अशा स्थलांतराबरोबर हवे. यशोगाथेची पुस्तिका आपण छापतो. तिच्या शेवटी हे पान नसते.

तेव्हा माझ्या सूचना साध्या आहेत. नवी प्रणाली, नवे सॉफ्टवेअर किंवा दुसरीकडून आणलेली योजना लागू करणाऱ्या प्रत्येक परिपत्रकाचा शेवटचा परिच्छेद 'ज्ञात दोष व मर्यादा' हा असावा. त्यातील प्रत्येक मुद्द्यापुढे तो केव्हा लक्षात आला, तोवर काय करावे आणि कोणत्या पदावरील अधिकाऱ्याला विचारावे हे लिहिलेले असावे. दोष दूर झाला की तारखेसह तसे नोंदवावे. मुद्दा पुसू नये. लेखापरीक्षणाने आधी कबूल केलेला दोष आणि उघडकीस आलेला दोष यांत फरक करावा. आणि जो कनिष्ठ कर्मचारी नवा दोष कळवील त्याच्याकडून स्पष्टीकरण मागविण्याऐवजी त्याचा मुद्दा यादीत घालावा. यांपैकी बहुतेक गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही, खर्चही येत नाही.

झिप करणारा प्रोग्राम माहिती दाबतो, पण त्यातील एक अक्षरही गमावीत नाही. शिवाय आत एक पडताळा-अंक ठेवतो, म्हणजे मजकूर बिघडला असेल तर उघडताना ते कळते. मीही त्या दिवशी दीड पान दाबून एक वाक्य केले होते. पण नऊ मुद्दे त्यातून पुन्हा काढणे कोणालाच शक्य नव्हते, आणि काही गळले आहे हे वाचणाऱ्याला कळण्याचा मार्गही नव्हता. शासकीय टिपण्यांचा संक्षेप करण्यात मी वाकबगार आहे अशी माझी ख्याती आहे. तिच्याकडे मी तेव्हापासून थोड्या संशयाने पाहतो.

गेली काही वर्षे मी माझ्या अखत्यारीतील परिपत्रकांना हा शेवटचा परिच्छेद जोडीत आलो आहे. पहिल्या वेळी वरून विचारणा झाली, दुसऱ्या वेळी झाली नाही. गेल्या वर्षी ईशान्येकडील एका जिल्ह्यातून एका कनिष्ठ लिपिकाचा फोन आला. नवी प्रणाली सुरू होऊन आठच दिवस झाले होते. तो म्हणाला, "साहेब, तुमच्या यादीतला तिसरा मुद्दा आमच्याकडे लागू होतो, त्याची व्यवस्था आम्ही केली आहे. पण आणखी एक दोष सापडला आहे, तो यादीत नाही." मी कागद पुढे ओढला आणि त्याला सावकाश सांगायला सांगितले. त्या संध्याकाळी सुधारित परिपत्रक निघाले. त्यात सातवा मुद्दा त्याचा होता.